मामाने दार उघडंच धरलं

माझा मामा एका नऊ मजली ऑफिसात बावीस वर्षं लिफ्टमन होता. रविवारी चर्च, जेवणाआधी प्रार्थना, एवढा त्याचा देवाशी संबंध. "लिफ्टमध्ये माणसंच कशीबशी मावतात, देवाला कुठे उभा करू?" असं तो हसत म्हणायचा.

एका दुपारी लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. दिवा गेला. आत मामा आणि फरशी पुसणाऱ्या मावशी, दोघंच. मामाचा श्वास कोंडला, अंगाला दरदरून घाम फुटला. मावशींनी त्याला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसकण मारली आणि त्याचा हात धरून बोलत राहिल्या. सुनेचं, दुखऱ्या गुडघ्यांचं, शेजारणीच्या आगाऊ मांजराचं. चाळीस मिनिटं हात म्हणून सोडला नाही.

घरी आल्यावर मामा मामीला म्हणाला, "आज प्रभू माझ्याबरोबर अडकला होता. हाताला फिनेलचा वास येत होता त्याच्या."

मामी हसली नाही.

तेव्हापासून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे मामा नीट बघायला लागला. आणि महिन्याभरात नोटीस लागली: सफाईवाल्यांनी आणि सामान पोचवणाऱ्यांनी जिना वापरावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बादली घेऊन जिन्याकडे निघालेल्या. मामाने त्यांना हाक मारून दार उघडंच धरलं. आत मॅनेजर उभे.

"नोटीस वाचता येत नाही?"

"येते, साहेब. पटत नाही."

"राहू दे रे बाबा," मावशी घाबरल्या, "जाते मी जिन्याने. नोकरी जाईल तुझी."

"तुम्ही आधी आत या."

मॅनेजर भडकले. "चर्चला जातोस ना? तो देवधर्म रविवारी कर. इथे नोकरी कर!"

"रविवारी मी त्याच्याकडे जातो, साहेब. बाकीचे सहा दिवस तो माझ्याकडे येतो. त्याला जिना दाखवायची माझी हिंमत नाही."

मावशी बादलीसकट आत आल्या आणि त्याने नवव्या मजल्याचं बटण दाबलं.

दुपारपर्यंत त्याची बदली तळघरातल्या पार्किंगमध्ये झाली. संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. "माफी मागून टाका, थोडी नम्रता बरी असते."

"मागितली ना," मामा म्हणाला. "मावशींची. बावीस वर्षं रोज समोर होत्या, मी ओळखलंच नाही."

सफाईवाल्यांनी मात्र लिफ्ट मिळेपर्यंत तिसऱ्या मजल्याच्या वर पाऊल टाकलं नाही. वरच्या कचऱ्याच्या टोपल्या ओसंडल्या, चहाच्या कपांना बुरशी धरली. पाचव्या दिवशी कुणीतरी नोटीस गुपचूप काढून टाकली. मामाला मात्र कुणी वर बोलावलं नाही, आणि तोही कुणाकडे गेला नाही.

परवा मी त्याला भेटायला तळघरात गेले, तर एका चकचकीत गाडीपुढे तो कमरेवर हात ठेवून उभा होता. मालक काच खाली करून ओरडत होता.

"ओरडा खुशाल," मामा म्हणाला. "पण गाडी मागे घ्या. या नळावर ड्रायव्हर लोक पाणी पितात."

गाडी मागे गेली.