दामल्यांची ग्रिप

ज्या टीमचे रन्स कमी, तिचे किस्से जास्त. ऐंशीच्या सुमाराला वाशीत नव्याने राहायला आलेल्या आमच्या सोसायटीची टीम होती, म्हणजे किस्से भरपूर. त्यातले निम्मे एकट्या दामल्यांचे. हा गुणी माणूस दोन सीझन खेळला आणि एकही रन काढला नाही. आयुष्यात एकदा तरी खातं उघडावं, एवढीच त्याची इच्छा!

*

कॅप्टन कर्णिकांच्या मते दोष ग्रिपचा होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या खाचा एका रेषेत यायला हव्यात, म्हणून त्यांनी एका रविवारी दामल्यांच्या दोन्ही हातांवर बॉलपेनने रेघा मारून दिल्या.

पुढच्या रविवारी रेघा जशाच्या तशा! कर्णिक चकित झाले. दामले म्हणाले, "आठवडाभर चमच्याने जेवलो."

*

प्रॅक्टिस तर कुठेही. बसस्टॉपवर छत्री उलटी धरून ते स्टान्स घेत. एकदा बस येऊन उभी राहिली तरी यांचं लक्ष हातांवरच. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "साहेब, आउट झाल्यावर येणार काय?"

*

पुढच्या मॅचला पहिल्याच बॉलवर दांडी गुल. परत येताना चेहरा मात्र प्रसन्न. कर्णिक काही बोलायच्या आत यांनीच विचारलं, "पण ग्रिप बघितलीत ना?"

कर्णिक भडकले. पुढच्या मॅचला शून्य निघालं तर कायमचं स्कोअर लिहायला बसवीन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दामले त्या दिवशी चहा न घेता घरी गेले. आम्हालाही वाईट वाटलं.

*

ती पुढची मॅच तळवलीला, भात कापून झालेल्या शेतात. शेत पाटलांचं, कॅप्टन पाटील आणि विकेटकीपरही पाटीलच.

दामले शेवटचे बॅट्समन. दोन बॉल हुकले, कारण नजर हातांवर. पाटलांना राहवलं नाही. समोरच्या टीमचे असून मागून हळूच म्हणाले, "साहेब, लाकरं फोरताना कोन हाताकरं बघतं का? ग्रिप बरोबर हाय. आता बॉल बघा."

दामल्यांनी बॉल बघितला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. बॅट फिरली आणि बॉल एक टप्पा घेऊन बांधावरून खाजणातल्या चिखलात! फोर!

पुढच्याच बॉलला ते बोल्ड झाले, मॅच हरलो, पण खांद्यावर घेतलं ते दामल्यांनाच. टाळ्या वाजवण्यात पाटील सगळ्यांच्या पुढे.

*

मात्र त्यानंतर दामले बॅट सोडेनात. दोन्ही हात मुठीवर तसेच. बसमध्ये तिकीट मी काढलं. पाणी कर्णिकांनी पाजलं, तेही न रागावता. सोसायटीचे तीन जिने चढून दामल्यांच्या दाराची बेल मीच वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग दोन्ही हात नीट निरखले.

"सोडू नका हं," त्या म्हणाल्या, "समोरच्यांना बघायला बोलावते."