आत्याबाई आणि लाल विमानं

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीच्या घरी नातवाला भरवत होते. मुलगा म्हणाला, "आई, आजी गेली… झोपेतच." मी म्हटलं, "अरे, मी परवा येणारच होते की!" जशी काही त्यांनी थांबायला हवं होतं. सोलापूर येईपर्यंत गाडीत मी रडले नाही, नुसती चिडत होते. एवढी वर्षं एका घरात काढली, आणि नेमकं मी नसताना निघून जायचं? त्याला आता दीडएक महिना झाला. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मंगळवेढ्याहून लग्न होऊन मी सोलापुरात आले. हळद उतरते न उतरते तोच आमचे हे कुवेतला नोकरीला गेले, आणि घरात राहिलो दोघीच. मी शेतात वाढलेली, तोंडाला कुलूप नसलेली. आत्याबाई करकंबच्या, फार लवकर विधवा झालेल्या, दिवसभर मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवायच्या. बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. "चहा ठेव." "दार लाव." संपलं! गल्लीत चादरींच्या मागांचा खडखडाट, घरात मशीनचा, आणि मधे मी मुकी. मनाशी पक्कं केलं, दसरा झाला की भाऊ न्यायला येईल, तेव्हा जायचं आणि हे परत येईपर्यंत ह्या घरात पाय ठेवायचा नाही. कुणाला बोलले नव्हते. पण सगळ्या चांगल्या साड्या ट्रंकेत भरताना आत्याबाईंनी मला पाहिलं. पाहिलं, आणि सुईत दोरा ओवत बसल्या.

श्रावणात ह्यांच्याबरोबर काम करणारे अक्कलकोटचे एक गृहस्थ सुट्टीवर आले आणि ह्यांनी पाठवलेलं पुडकं देऊन गेले. आत अत्तर नाही, घड्याळ नाही. एक काळी डबी, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं. गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तिकडं हाटेलात कपाटाएवढं यंत्र असतंय बघा, लोकं रांगा लावून खेळत्यात. ह्ये त्येचंच पिल्लू." माझं कपाळ! नवरा कुवेतला आणि बायकोला खेळणं! पण दुपारी खिडकी लावून, टॉर्चमधले शेल काढून त्यात घातले, आणि अंधारात ती काच उजळली… वरून लाल विमानांची ओळ हळूहळू खाली यायची. खाली आपलं एकटं विमान. डाव्या अंगठ्यानं ते सरकवायचं, उजव्यानं गोळी सोडायची. एक ओळ संपली की दुसरी. बाहेर माग चालू, आत ते लाल ठिपके तरंगत यायचे, आणि मला वाटायचं मी ह्या खोलीत नाहीच, कुठंतरी लांब वर आहे, जिथून सोलापूरही दिसत नाही आणि कुवेतही. आत्याबाई मशीनवरून एकदाच म्हणाल्या, "ह्ये संपत न्हाय व्हय?" म्हटलं, "नाही. मारले की नवे येतात." "मग जिंकतं कोण?" "कुणीच नाही." "मग कशाला खेळतीस?" मी म्हटलं, "दुपार जाते."

खंडेनवमीला आमच्या गल्लीतले माग बंद असायचे. त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची. त्या दिवशीच्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू यायचा. आत्याबाईंनी मशीन पुजलं, कात्री पुजली, विळी पुजली, आणि पाटावर माझी डबीही ठेवली. "हे कशाला?" मी विचारलं. "गोळ्या सुटत्यात न्हवं त्येच्यातनं? मग हत्यारच की." आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट नेमकं गोळीच्या बटणावर ओढलं! संध्याकाळपर्यंत बटण चिकटलं, दबेचना. मग काय, मी आकाशपाताळ एक केलं. "त्यांनी धाडलेली एकच वस्तू, तीही तुम्हाला बघवली नाही!" आत्याबाईंनी पदरानं पुसून बघितलं, मशीनचं तेल सोडलं, त्यानं ते आणखीच घट्ट झालं. मी न जेवता झोपले.

दसऱ्याच्या दुपारी त्या डबी घेऊन माझ्यापाशी आल्या. "दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला की बटण दबतंय बघ." मी फणकारले, "मग विमान कोण सरकवणार?" "तू सरकीव. मी मारते." आणि माझ्या उजवीकडं दिवाणावर येऊन बसल्या, खांद्याला खांदा लावून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आता मारायचं म्हणजे बोलायलाच हवं की! "थांब… आलं… तिकडं घे, तिकडं! मुडदा बशिवला त्येंचा!" मी हसून हसून बेजार. विमान फुटलं तरी त्या उठल्या नाहीत. काचेकडं बघतच म्हणाल्या, "पोराचे वडील गेल्यावर घरात बोलायला मानूसच न्हवतं. पोरगं साळंत जायचं, मी मशीनवर. सवयच गेली गं बोलायची. तू गेलीस तर परत गप हुईन मी."

दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीनं आला. मी त्याला पोटभर जेवू घातलं आणि म्हटलं, "आत्ता नाही जमत रे. दिवाळीची शिलाई आलीय, आत्याबाई एकट्या किती करतील?" तो ट्रंकेकडं बघत राहिला. मीही बघितलं, आणि साड्या बाहेर काढल्या.

पुढं दोनतीन वर्षांनी हे कायमचे परत आले. डबी बघितली, रेडिओवाल्याकडून बटण दुरुस्त करून आणलं, आणि मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिली. "घे, आता एकटीला खेळता येतंय." आत्याबाई भाजी निवडत होत्या. हळूच म्हणाल्या, "बरं झालं. आता मी कशाला लागते तितं?" आणि ताट उचलून आत गेल्या. मी दिवाणाच्या डाव्या टोकाला बसले आणि हाक मारली, "आत्याबाई, या लवकर, ओळ खाली आली!" हे म्हणाले, "अगं, बटण नीट झालंय!" म्हटलं, "तुम्ही गप बसा हो." त्या पदराला हात पुसत आल्या, बसल्या, आणि दोन्ही अंगठे बटणावर ठेवले.

डबी कधीच बंद पडली. घर बदलताना कुठं गेली तेही आठवत नाही. पण शेंगा सोलताना, टीव्ही बघताना, काहीच न करताना आम्ही तशाच बसायचो. मी डावीकडं, त्या उजवीकडं, आणि तोंडाला खळ नाही दोघींच्या! आता सून म्हणते, "आई, मधे सरकून बसा की, अशा टोकाला काय बसता?" हो म्हणते, सरकत मात्र नाही. दुपारी घरात कुणी नसलं की उजवीकडं बघून भांडून घेते… आत्याबाई, जाताना सांगायचं तरी होतं. तुम्ही म्हणालात तेव्हा मी राहिले होते की.