मावशीचे हात

सेलूच्या कापसाच्या जिनिंगवरून जाताना सरकीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. माझी बहिरी मावशी तिथं कामाला होती. यंत्रांच्या गोंगाटात सगळ्याच बायका तिच्यासारख्या खांद्यापासून हात हलवत, ठेक्यात खुणांनी बोलायच्या.

तिला बघायला पाहुणे आले. मुलगाही बहिराच, पण शहरातल्या शाळेत शिकलेला. त्याच्या खुणा छातीपाशी, बारीक, झरझर. मावशीनं हात उंच करून त्याला पाणी विचारलं.

"ह्या मजुरणीच्या खुणा हायत," त्याची आई म्हणाली. "आमच्यात असं हात फेकून कुणी बोलत न्हाई."

आजोबांनी मावशीचे दोन्ही हात धरून मांडीवर दाबले. पाहुणे उठेपर्यंत सोडले नाहीत.

तेव्हा मला वाटलं, ते तिला धीर देतायत. त्यांनी चारचौघांत तिचं तोंड दाबलं होतं.