बॅटरीमामांचं कबुतर

बॅटरीमामांना खरं नावही होतं, पण ते आठवायला त्यांच्या बायकोलाही जरा वेळ लागला असता. उभा जन्म सिनेमा थिएटरात डोअरकीपर म्हणून गेला. हातात बॅटरी, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या. गंमत अशी, की मामांनी शेकडो सिनेमे ऐकले, पाहिला एकही नाही. मालकाची सक्त ताकीद होती: तोंड दाराकडे, पाठ पडद्याकडे.

घरी आले की मामींना सांगायचे, "अगं, आज कबुतर फडफडत डोक्यावरून गेलं. मागून पुढं!"

"गेलं असेल. तुमच्या थिएटरचं छप्परच फुटकं!"

मामी शिवणकाम करायच्या. गिऱ्हाइकांच्या वेळा नि खेळाच्या वेळा एकच, त्यामुळे थिएटरची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. भावाजवळ मात्र बोलून गेल्या होत्या, "माणूस सोन्यासारखा, फक्त थापा फार मारतो." हे मामांच्या कानावर आलं आणि कायमचं सलत राहिलं.

पुढे थिएटर बंद पडलं. मामांनी स्पीकरांना आवाज वाटून देणारा जुना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि डिस्क प्लेअर जमवला, कबुतराच्या सिनेमाची डिस्क पैदा केली आणि एका दुपारी मेहुण्याला मुद्दाम चहाला बोलावलं. तीन स्पीकर टीव्हीपाशी, दोन सोफ्याच्या मागे.

"भाऊजी, चहा संपला. येऊ द्या तुमचं पाखरू," मेहुणा म्हणाला.

मामांनी बटण दाबलं. डिस्क आत गरगरली. ना चित्र, ना आवाज.

"उडालं वाटतं!"

मामांचा चेहरा पडला. मामी मशीनवरून उठल्या, मामांचीच बॅटरी घेऊन कपाटामागे वाकल्या. जन्मभर तिकिटावरचं अक्षर दारावरच्या अक्षराशी जुळवून माणसं आत सोडलेली; त्याच हिशोबानं मामांनी प्लेअरच्या 'आउट'ची वायर रिसीव्हरच्या 'आउट'ला जोडली होती, आणि टीव्हीचा 'इन' रिसीव्हरच्या 'इन'ला.

"अहो, आवाज त्या डब्यातून बाहेर पडला, तर या डब्यात आतल्या दारानंच शिरेल ना? थिएटरात लोकांना बाहेर जायच्या दारानं आत घ्यायचात का?"

मामा ओशाळले. प्लेअरचा आउट रिसीव्हरच्या इनमध्ये गेला, रिसीव्हरचा आउट टीव्हीच्या इनमध्ये. पडदा उजळला. एक ओसाड घर, चिडीचूप.

आणि सोफ्यामागे पंख फडफडले.

मेहुणा डोक्यावर हात धरून खाली वाकला. मामींनी झाडू उचलला नि मागच्या कोपऱ्यात धावल्या. "शुक! शुक! खिडकी कुणी उघडी टाकली?"

खिडकी बंद होती. कोपऱ्यात नुसता स्पीकर. तेवढ्यात ती फडफड मामींच्या डोक्यावरून सरकत पुढं गेली, अगदी वारा लागल्यासारखी, आणि कबुतर पडद्यावर येऊन बसलं.

"अगं बाई," मामी पुटपुटल्या. "मागून पुढं!"

मेहुण्याचा हात अजून डोक्यावरच होता. एरवी मामांनी त्याला महिनाभर पुरेल इतकं ऐकवलं असतं. पण सवयीनं दाराशी उभे राहिलेले मामा वळून बघतच राहिले होते.

"करडं आहे गं," ते हळूच म्हणाले. "मी इतकी वर्षं पांढरंशुभ्र धरून चाललो होतो."

मामी झाडू मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या, बाजूला सरकल्या.

"बसा की आता. दाराशी कोण येणार आहे? आणि लावा पुन्हा, कबुतरापासून."