घारीचे एक मिनिट

देवपूरच्या घरी नातीच्या वाढदिवसाचे फुगे फुगवताना रबराचा उग्र वास आला आणि जळगावच्या हवामान केंद्राची तापलेली गच्ची आठवली. वरच्या हवेतला वारा मोजण्यासाठी सोडलेला पांढरा फुगा मी कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीत धरून ठेवला होता. दर मिनिटाला मी कोन सांगायचा आणि साक्रीकडच्या सहकाऱ्याने तो लिहायचा, अशी पद्धत होती. आमच्या आकड्यांसाठी धावपट्टीवर एक विमान खोळंबले होते. घामाचा थेंब डोळ्यात गेला, पापणी मिटली. पुन्हा पाहिले तर ठिपका होता, म्हणून मी कोन सांगितला. सहकाऱ्याने वर पाहिले आणि हलकेच म्हटले, “नाना, फुगाले पंख कधी फुटनात? ती घार शे.” आधीच्या कोनांवरून अंदाज बांधत मी दुर्बीण वळवली आणि फुगा पुन्हा पकडला. केंद्राचे साहेब म्हणाले, “एकच आकडा आहे, राहू द्या. पायलट घाई करतोय.” मी नोंदवहीतला घारीचा तो आकडा खोडला, शेजारी सही केली आणि मगच तक्ता पुढे दिला. जुने सहकारी आजही हसून सांगतात, की नानांनी पाच मिनिटे घारीचा वारा मोजला. हे साफ खोटे आहे. मी घारीमागे गेलो ते एकच मिनिट, आणि ते नोंदवहीत माझ्याच सहीने खोडलेले आहे.