तळमजल्यावरचा चंद्र

आमच्या खारघरच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावरच्या काकूंना सगळी सोसायटी टरकून असते. वॉचमनच्या बायकोला तर जिना नीट झाडला नाही म्हणून त्या रोज फैलावर घेतात.

परवा संकष्टीला त्यांच्या गॅलरीतून चंद्र दिसला. "काकू, उगवला! सोडा उपास," मी म्हणाले. त्यांनी चंद्राला हात जोडले, मोदकांचं ताट उचललं आणि लिफ्टने थेट खाली निघाल्या. मीही मागोमाग गेले.

खाली वॉचमनची बायको मान वर करून उभी होती. तिचाही उपास, पण चंद्र अजून समोरच्या टॉवरमागेच होता.

"बस की गं! उभं राहून लवकर येणारे का तो?" काकू खेकसल्या आणि तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"काकू, तुम्ही तरी खाऊन घ्या. तुम्हाला दिसलाय ना?" मी म्हणाले.

"मला दिसलाय. हिला कुठे दिसलाय अजून?"