वाढवलेले बारा टाके

लेक चार वर्षांची झाली तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तिच्यासाठी एक स्वेटर विणायची. नमुना एकच, पानांचा. दिग्रसला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंनी तो शिकवला आणि चार वर्षांच्या मुलीच्या मापानं वहीत लिहून दिला. बारा टाक्यांचं एक पान, पाठीवर अशी पाच पानं, म्हणजे साठ टाके. पुढचं गणित माझं. पाचव्या वर्षी दोन्ही कडांना तीन-तीन साधे टाके वाढवले. सहाव्या वर्षी मात्र पुरतं सहावं पान बसलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता. दसरा झाला की तिची छाती, पाठ, हात मोजायचे, आकडे वहीत लिहायचे आणि मगच सुईवर टाके घालायचे, असा माझा शिरस्ता.

ती सात वर्षांची झाली त्या साली मी मोजलंच नाही. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. कामाचा रेटा होता. वाढतं अंग आहे, थोडं मोठंच असू दे, असं म्हणून मी अंदाजानं बारा टाके वाढवले, लांबीही वाढवली. सात पानं. मोरपंखी लोकर. बसमध्ये, डब्याच्या सुट्टीत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता आठ दिवसांत पाठ विणून झाली.

रविवारी सकाळी लेकीला अंगणात उभं केलं आणि पाठ तिच्या खांद्यांना लावून पाहिली. दोन्ही कडा काखेतून पुढे आल्या. खालची पट्टी मांड्यांवर गेली.

"आई, हे बाबाचं आहे का?" ती हसली.

मीही हसले. वाटलं, हात सैल पडला असेल. टेपनं विणीचे टाके मोजले. इंचाला सहा, नेहमीसारखेच. मग तिलाच मोजलं आणि वही उघडली. छाती गेल्या वर्षीएवढी. पाठ गेल्या वर्षीएवढी. खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात, तोही तेवढाच. टेप उलटा धरून पुन्हा मोजलं. कपाटातून गेल्या वर्षीचा लाल स्वेटर काढून तिला घातला. एरवी वर्षभरात बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या असायच्या. या वेळी त्या मनगटावर बरोब्बर होत्या, जणू कालच विणल्यासारख्या.

सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "वाढते ना पोरगी," त्या म्हणाल्या. "तू कायले जिवाले घोर लावून घेते? तुया नवराबी आठवीपावतर एवढासाच होता."

नवऱ्यानंही तेच सांगितलं. पण माझं चित्त थाऱ्यावर राहिना. दाराच्या चौकटीला तिला उभं करून मी पेन्सिलीनं खूण केली. संध्याकाळी पुन्हा उभं केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना, आल्यावर, आंघोळीनंतर. एकाच खुणेवर पेन्सिल फिरून फिरून तिथं काळा ओरखडा पडला. कचेरीत फायली पाहताना माझं लक्ष खिडकीतून शाळेच्या मुलींकडे जाई आणि मी त्यांची उंची मनातल्या मनात मोजू लागे.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून तिच्या शाळेत गेले. प्रार्थनेच्या रांगेत ती कुठं उभी राहते, असं बाईंना विचारलं.

"सगळ्यात पुढं," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी मधात होती. आणि एक सांगू? हल्ली ती वर्गात पेंगून राह्यते. या आठवड्यात तर दुपारी बारा वाजताही तो लाल स्वेटर काढत नाही. म्हणते, आईनं विणला."

हे स्वेटरचं बाईंनी आदल्या हिवाळ्यातही सांगितलं होतं. तेव्हा मी किती मिरवलं होतं! कचेरीत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या हातचा स्वेटर लेक अंगावेगळा करत नाही. आता शाळेच्या पायऱ्यांवर उभी असताना मला कळलं. पोरीला थंडी वाजत होती. उन्हातसुद्धा वाजत होती.

शनिवारी तिला घेऊन यवतमाळची एसटी धरली. दारव्ह्यापर्यंत ती माझ्या मांडीवर झोपली होती. हाताला चाळा हवा म्हणून मी ती सात पानांची पाठ सोबत घेतली होती. विणायला काही उरलं नव्हतं, म्हणून मग उसवायला लागले. ओढलं की एक ओळ जायची. यवतमाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा पिशवीत नुसती कुरळी लोकर होती.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, कोरड्या कातडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आधीच्या उंचीच्या नोंदी आहेत?"

उंचीच्या नव्हत्या. मी संकोचत विणकामाची वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली. चौथं वर्ष, पाचवं, सहावं, आणि यंदाचं. शेवटच्या दोन नोंदींवर त्यांनी बोट ठेवलं.

"सहाव्यानंतर वाढ थांबलेली दिसते," त्या म्हणाल्या. "रक्त तपासू. मला थायरॉइडची शंका आहे."

"मी दसऱ्याला मोजायला पाहिजे होतं," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

"आत्ता मोजलं ना? पुष्कळ लोक तर दोन-दोन वर्षं मोजतच नाहीत."

शंका खरी निघाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. मागं राहिलेलं बरंचसं भरून निघेल, असं त्या म्हणाल्या. पण लगेच नाही. या 'लगेच नाही'नं मला छळलं. लोकर धुऊन, वजन टांगून सरळ केली. सहा पानांचे टाके घातले, चार बोटं विणून उसवले. वाढली तर आखूड पडेल. साडेसहा पानांचे घातले. अर्धं पान डोळ्यांना खुपेना का, पण पुन्हा, नाही वाढली तर? तेही उसवलं. शेवटी नमुना शिकवणाऱ्या शेजारच्या काकूंकडेच गेले.

"वरून खाली विण," काकू म्हणाल्या. "गळ्यापासून सुरू कर. बाह्या आणि घेर खालून मोकळा ठेव. पोरगी वाढली का टाके उचलायचे अन् पुढं विणायचं. नमुना आधी पुरा करायचा असं कोनं सांगतलं तुले?"

तसंच केलं. पहिले दोन महिने वहीत काहीच बदललं नाही. पण ती पेंगेनाशी झाली, संध्याकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. मग होळीच्या सुमारास मी दोन्ही बाह्यांना अर्धा-अर्धा इंच विणला. उन्हाळ्यात गरम लोकर मांडीवर घेऊन घेर वाढवला. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो स्वेटर तीनदा सुईवर चढला.

ती आता आठ वर्षांची आहे. रांगेत पुढून तिसरी. गोळी स्वतः आठवणीनं घेते. मी मात्र अजून शांत नाही. परवा सकाळी ती दात घासत असताना मी मागून हळूच टेप लावला.

ती वळली. तोंडात फेस होता. "आई, मी रोज वाढत नाही ना! महिन्यातून एकदा मोजत जा."

"बरं," मी म्हणाले.

"कबूल?"

मी कबूल केलं. तिनं माझ्या हातातून टेप घेतला, गुंडाळला आणि स्वतःच्या दप्तरात टाकला.